जामीनदाराचा जामीन

डोमिनिकन रिपब्लिकची राजधानी सान्तो दोमिंगो, या शहरात घरांची टंचाई नाही. हे सरकारचं अधिकृत मत आहे, आणि ते वाक्य बाराओनाच्या जिल्हा कचेरीत बसून ओविदिओ फेलिसने स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. मूळ मसुद्यात 'भीषण टंचाई आहे' असं होतं. वरून सूचना आली की 'भीषण' हा शब्द जरा भडक वाटतो. ओविदिओने तो काढला. मग वाक्य लंगडं दिसायला लागलं, म्हणून शेवटच्या 'आहे'च्या जागी 'नाही' घातलं. वरच्यांना वाक्य इतकं आवडलं की वस्ती खात्याने त्याला बढती देऊन थेट राजधानीत बोलावून घेतलं.

बढतीला अट एकच. शाळा उघडायच्या आत अधिकाऱ्याने कुटुंबासह राजधानीत राहायला यावं, नाहीतर ती जागा उपमंत्र्यांच्या भाच्याला जाईल. भाच्याला घराची अडचण नव्हती. त्याच्याकडे चार होती.

बायको नेरेइदाने निघताना बजावलं, "घर मिळालं तर फोन कर. नाही मिळालं तर परत ये. पोरीने बापाला फोनवरच ओळखावं, असलं मला चालायचं नाही."

"अगं, टंचाई नाहीये तिथे," ओविदिओ म्हणाला. स्वतःचंच वाक्य खरं मानणारा तो खात्यातला पहिला माणूस असावा.

राजधानीत तो मावसबहीण दिलेनियाच्या सोफ्यावर उतरला. पहिल्या आठवड्यात दिलेनिया म्हणाली, "तुझंच घर समज." दुसऱ्या आठवड्यात ती सुस्कारे टाकायला लागली. तिसऱ्या आठवड्यात सोफा दुरुस्तीला गेला.

तोवर ओविदिओ रोज शहर पायाखाली घालत होता. दर दुसऱ्या गच्चीवर 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी होती, तेव्हा सरकारी मत एका परीने खरंच होतं. आपल्याकडे म्हणतात, घर पाहावं बांधून. बांधणाऱ्याच्या हाती निदान विटा तरी लागतात. भाड्याने शोधणाऱ्याच्या हाती लागते ती दलालीण.

या दलालीणबाईंचं नाव योकास्ता. नावामागे 'लिसेन्सियादा' अशी पदवी होती. कशातली, ते कोणी विचारत नसे. तिने दाखवलेलं घर दोन खोल्यांचं होतं. गच्चीवर पाण्याची टाकी होती, टाकीत पाणी आलं तर येत होतं. वीज गेल्यावर लागणारा इन्व्हर्टर होता, पण त्याच्या बॅटऱ्या आधीचा भाडेकरू घेऊन गेला होता. तरी ओविदिओला घर आवडलं. खिडकीतून बदामाचं झाड दिसत होतं, आणि पोरीला झाडं आवडतात.

"भाडं डॉलरमध्ये का पण?" त्याने विचारलं. "घर तर इथलंच आहे."

"घर इथलं आहे हो, मालकाची स्वप्नं मायामीची आहेत," योकास्ता म्हणाली. "ते राहू द्या. जामीनदार कोण तुमचा?"

"मी सरकारी अधिकारी आहे."

"म्हणजे पुढच्या निवडणुकीपर्यंत. जामीनदार सांगा. ज्याचं स्वतःचं घर आहे, राजधानीत आहे, आणि घराचा मालकीहक्काचा कागद आहे, असा."

"माझं स्वतःचं आहे की घर. बाराओनाला."

"कागद?"

बाराओनात त्याच्या गल्लीतल्या कोणाकडेच मालकीहक्काचा कागद नव्हता. सगळ्या गल्लीने मिळून अर्ज केला होता, आणि अर्जाची फाइल सात वर्षं एका अधिकाऱ्याच्या टेबलावर पडून होती. तो अधिकारी म्हणजे ओविदिओ फेलिस. घाई कशाला, घरं काही पळून जात नाहीत, असं तो अर्जदारांना सांगत असे.

"सगळा गाव सांगेल, घर माझंच आहे," तो म्हणाला.

"सगळा गाव कोर्टात सही करायला येणार आहे का? घर पाहिजे असेल तर घर असलेला माणूस आणा, साहेब. सोपं आहे."

कागद असलेलं घर नात्यात एकाचंच होतं, दिलेनियाच्या नवऱ्याचं. ओविदिओने रविवारी डोमिनोचा डाव मुद्दाम हरून त्याच्याकडे विषय काढला.

"ओविदिओ, तू मला भावासारखा," मेहुणा म्हणाला. "मूत्रपिंड माग, देतो. एक की दोन, ते सांग. पण घराच्या कागदाला हात लावायचा नाही."

"मला मूत्रपिंड नकोय रे. सही हवीय."

"म्हणून तर मूत्रपिंड म्हणालो," मेहुणा म्हणाला आणि सोंगट्या ढवळायला लागला.

शेवटी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने दोन्या फ्रेदेसविंदाचं नाव सुचवलं. दोन्या म्हणजे आपल्याकडचं 'बाईसाहेब'; ही दोन्या विधवा होती. जुन्या वस्तीत तिचं एक पत्र्याचं, बुटकं, पण चोख कागदाचं घर होतं, आणि त्या कागदाच्या जोरावर ती भाडोत्री जामीनदारी करत असे. निम्म्या शहराच्या डोक्यावरचं छप्पर तिच्या सहीवर उभं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

"आशीर्वाद द्या, मावशी," ओविदिओ दारातून म्हणाला.

"देव तुझं भलं करो. आशीर्वाद फुकट, सही विकत. बस." दोन्याने त्याला खालपासून वर न्याहाळलं. "तुझा जामीनदार कोण?"

"मावशी, जामीनदार हवाय म्हणूनच आलोय."

"तो मालकापुढे. माझ्यापुढे कोण? तू भाडं बुडवून पळालास तर घर माझं जाणार. एखादा कागदवाला माणूस आण, तो तुझी हमी मला देईल, मी मालकाला देईन."

"असा माणूस असता तर तुमच्या दारात कशाला आलो असतो?"

"तेच तर म्हणते मी, बाळा. ज्याला माझ्या सहीची गरज नाही, त्यालाच मी सही देते. म्हणून आजवर टिकलेय."

ओविदिओने खोलीकडे नजर टाकली. खोली मागल्या अंगणातली होती, खिडकीला काच नव्हती.

"हे तुमचं घर नाही वाटतं?"

"माझ्या घरात जर्मन माणसं असतात. रोज नवी. मी इथे भाड्याने."

"मग तुमचा जामीनदार कोण?"

"मीच!" दोन्या खूश होऊन म्हणाली. "माझ्याएवढं खात्रीचं माणूस आहे कोण इथे?"

तिथून बाहेर पडतो तोच योकास्ताचा फोन आला. मालकाने विचार बदलला होता. बदामाचं झाड दिसणारं घर आता फक्त पर्यटकांना मिळणार होतं, आठवड्याच्या बोलीवर.

"पर्यटकाला जामीनदार लागत नाही?" ओविदिओ ओरडला.

"पर्यटकाला विचारतं कोण? तो कार्ड देतो, टोपी घालतो, आणि नळाला पाणी नसलं तरी 'किती सुंदर!' म्हणतो."

"पण तो कोण, कुठला, काय करतो, कोणाला ठाऊक असतं?"

"म्हणूनच विश्वास बसतो, साहेब. तुमचं सगळं ठाऊक आहे, तिथेच तर घोडं अडतं." मग तिने आवाज खाली आणला. "सध्या वादळांचा मोसम आहे. परदेशी फिरकत नाहीत, दर निम्म्यावर आलेत. टोपी आहे का तुमच्याकडे?"

अशा रीतीने वस्ती खात्याचा अधिकारी ओविदिओ फेलिस स्वतःच्या देशाच्या राजधानीत पर्यटक म्हणून दाखल झाला. नेरेइदा आणि दहा वर्षांची आर्लेनी शाळा उघडायच्या आदल्या दिवशी बाराओनाच्या बसमधून उतरल्या. बसथांब्यावरच त्यांना गवताच्या टोप्या देण्यात आल्या.

घराचे नियम कडक होते. गच्चीत कपडे वाळत घालायचे नाहीत. कुकर लावायचा नाही, कारण घेवडा शिजल्याचा वास आला की इथे इथलीच माणसं राहतात हे खऱ्या पर्यटकांना कळतं, आणि त्यांचा विरस होतो. शेजाऱ्यांशी बोलायचं नाही, नुसतं हसायचं. आर्लेनी शाळेच्या गणवेशावर समुद्रकिनाऱ्यावरचा टॉवेल गुंडाळून जिना उतरे. दर रविवारी सामान बाहेर काढायचं, आणि संध्याकाळी नव्याने 'यायचं'.

दारावरचा पहारेकरी किरिको बाराओनाचाच होता, ओविदिओच्या वर्गातला. पहिल्या दिवशी दोघांनी एकमेकांना ओळखलं आणि दोघेही वरमले. मग किरिको कानाशी येऊन पुटपुटला, "गावाकडे सगळं बरं आहे ना रे?" आणि मालकाच्या कॅमेऱ्याकडे तोंड करून ओरडला, "वेलकम, मिस्टर!"

"मला माझ्याच देशात पाहुणी होऊन राहायचं नाही," नेरेइदा एकदा बंद कुकरपाशी बसून रडली. तिचं काही चुकत नव्हतं. ओविदिओलाही फार अपमान वाटला. तो अपमान गिळून तो कचेरीत गेला आणि त्याने तिमाही अहवाल लिहिला: वादळांच्या मोसमातही पर्यटकांचा ओघ लक्षणीय वाढला आहे. दर रविवारी येणारे तीन नवे पर्यटक कोण, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. घरांची टंचाई नाही, हे वाक्य त्याने जसंच्या तसं ठेवलं.

मग नाताळ जवळ आला आणि दर चढले. आता दोनच वाटा होत्या. एक तर जागा भाच्याला सोडून परत जायचं, नाहीतर बाराओनाचं रिकामं घर भाड्याने देऊन ती भर इथे घालायची. पुढच्या रविवारी सामान किरिकोच्या ताब्यात देऊन तिघं बाराओनाला गेली.

घर बघायला एक तरुण शिक्षिका आली. एस्तेला तिचं नाव. असुआहून तिची बदली आर्लेनीच्या जुन्या शाळेत झाली होती.

"सध्या कुठे राहता?" ओविदिओने अंगणातल्या खुर्चीत रेलून विचारलं.

"मैत्रिणीकडे, साहेब. सोफ्यावर."

"सोफा वाईट नसतो," ओविदिओ म्हणाला. नेरेइदाने त्याच्याकडे चमकून पाहिलं. "जामीनदार कोण? स्वतःचं घर असलेला पाहिजे. बाराओनातलं. मालकीहक्काच्या कागदासह."

बाराओनात असा कागद मिळणं किती कठीण आहे, हे जगात त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. पण पोरगी तयारीची होती. तिने मुख्याध्यापिकेच्या घराचा कागद पुढे केला, सहीसकट. तीन महिन्यांचं भाडंही आणलं होतं. घेवडा शिजवणार का, तर म्हणाली, तुम्ही नको म्हणाल तर नाही शिजवणार.

ओविदिओने कागद उलटसुलट करून पाहिला. खोट सापडेना.

"बाकी सगळं ठीक आहे," तो म्हणाला. "आडनाव काय म्हणालात?"

"पिएर."

ओविदिओने कागद तिच्याकडे परत सरकवला. हे आडनाव हैतीचं, सरहद्दीपलीकडचं.

"मी इथेच जन्मले, साहेब," एस्तेला हळूच म्हणाली. हे वाक्य तिने फार ठिकाणी म्हटलेलं असावं. "माझे वडीलसुद्धा इथेच जन्मले."

"छे छे, तसं काही नाही हो! मी विसरलोच बघा. घर कालच दिलं एकाला."

ती कागदाची घडी घालून निघून गेली. पायरी उतरताना तिने आर्लेनीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"कोणाला दिलंस रे काल?" नेरेइदाने विचारलं.

"कोणाला नाही."

"पोरगी चांगली होती."

"चांगलीच होती. माझं काही म्हणणं नाही. शेजारपाजाऱ्यांना चालत नाही ना."

त्याने दाराला कुलूप घातलं. संध्याकाळच्या बसने, टोप्या घालून, तिघं राजधानीत 'आली'.

वाचकहो, ओविदिओला मनसोक्त नावं ठेवा, त्याची लायकीच तेवढी आहे. फक्त त्याआधी एवढं आठवून बघा: तुमची रिकामी खोली बघायला शेवटचा माणूस आला होता, तेव्हा तुम्ही त्याला आधी पाणी विचारलंत, की आडनाव?