सुळ्यांबद्दल एक स्पष्ट मत

थिएटरच्या दारात माइक घेऊन उभ्या असलेल्या त्या मुलीला बत्तीशीकाकांनी ‘छान होता’ एवढंच सांगितलं असतं, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. त्यांच्या आधी जावयाने ‘कडक! काय साउंड होता!’ म्हटलं आणि तो सुटला. काकांच्या मुलीने ‘दुसऱ्या भागापेक्षा बरा, पण त्या लांडग्यांच्या अंगावरचे केस दर सीनला वेगळे होते’ म्हटलं आणि तीही सुटली. काकूंनी एकच वाक्य टाकलं.

“एका बैठकीत चार जणांचं रक्त प्यायला तो, आणि एकाचाही रक्तगट विचारला नाही!”

(काकूंची नोकरी रक्तपेढीतली. एकतीस वर्षं लोकांचे गट तपासण्यात गेल्यावर माणूस सिनेमातसुद्धा तेच बघणार.)

मग माइक काकांसमोर आला.

“काका, कसा वाटला सिनेमा?”

“सिनेमा राहू द्या हो. सुळे बघितलेत का त्याचे?”

काका कवळ्या बनवत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं कामाचं टेबल होतं. त्यावर प्लास्टरचे साचे, मेणाच्या पट्ट्या, घासायची मोटर आणि रांगेत वाळत ठेवलेली गावातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांची हसू. वरचे खरे दात पडल्यावर त्यांनी स्वतःसाठीही वरची कवळी स्वतःच्याच हाताने केली होती, आणि ती खोटी आहे हे काकूंशिवाय कुणालाही कळत नाही, असा त्यांचा दावा होता. अशा माणसाने अडीच तास व्हँपायर आणि लांडगेमाणसांची मारामारी पाहिली होती, म्हणजे खरं तर अडीच तास नुसते दात पाहिले होते.

“दीड इंच लांब सुळे!” काका माइकमध्ये म्हणाले. “ठीक आहे, असतील. पण तोंड मिटल्यावर ते जातात कुठे? खालच्या ओठातून आरपार जायला हवेत! आणि लांडग्याचं तर बोलूच नका. मांस खाणारा प्राणी, आणि दाढा दिल्यात गाईच्या. त्या दाढांनी त्याने रवंथ करायला हवा होता, लढाई कसली करतो!”

काका अकरा मिनिटं बोलले. माइकवाल्या मुलीने माइक या हातातून त्या हातात तीनदा बदलला. जावई गाडी काढून परत बघायला आला.

संध्याकाळी तिच्या चॅनेलवर ‘प्रेक्षक बोलतात’ लागलं. काकूंचं वाक्य अख्खं दाखवलं होतं, आणि त्याखाली लोकांनी हसून हसून पुरेवाट झाल्याच्या खुणा टाकल्या होत्या. काकांच्या अकरा मिनिटांतले तीन सेकंद उरले होते. त्यात डोळे वटारलेले काका ‘सुळे!’ असं ओरडत होते, मागे ढोल वाजत होते आणि खाली पट्टी होती : ‘प्रेक्षक हादरले!’

“मी हादरलो नाहीये,” काका म्हणाले. “मी चिडलोय. फरक आहे.”

“दिसायला फारसा नाही,” काकू म्हणाल्या.

झालं. काकांनी त्याच रात्रीचं जेवण अर्धं टाकून चॅनेलच्या पानावर एका बोटाने आपलं संपूर्ण मत लिहिलं. मुद्दे नऊ, पोटमुद्दे वेगळे. दुसऱ्या दिवशी त्याखाली ‘पौर्णिमेचा लांडगा’ असं नाव घेतलेल्या कुणीतरी उत्तर दिलं : ‘काका, बोलणं सोपं आहे. तसे सुळे लावून एक वाक्य धड बोलून दाखवा, मग मानू.’

काकांनी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली. सत्तावीस वर्षांच्या धंद्यात त्यांना असं कुणी ललकारलं नव्हतं. (गिऱ्हाईक कवळी टोचते म्हणून भांडतं, पण तोंडात दात नसताना ललकारणार कसं?)

“दाखवतोच,” ते म्हणाले. माइकवाल्या मुलीचा फोन आला तेव्हा तर त्यांना आभाळ ठेंगणं झालं. शनिवारी दुपारी एकला प्रेक्षकांचा थेट कार्यक्रम होता, एकीकडे व्हँपायरवाले आणि दुसरीकडे लांडगेवाले. काका घरबसल्या फोनवरून भाग घेऊ शकत होते.

“शनिवारी?” काकूंनी विचारलं. “शनिवारी तीनला माझा निरोपसमारंभ आहे.”

“एकला माझं, तीनला तुझं. मध्ये दोन तास आहेत. मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

काकूंनी भाजी चिरायची थांबवली. “हे बघा. एकतीस वर्षांत तुम्ही एकदाही माझ्या ऑफिसात आला नाहीत. सगळ्यांना मी सांगत आले, त्यांना कामातून वेळ मिळत नाही. खरं कारण मी कुणाला सांगितलेलं नाही.”

खरं कारण असं होतं की काकांना रक्त बघवत नसे. दाढी करताना कापलं तर ते डोळे मिटून काकूंना हाक मारत, आणि काकू पट्टी लावून ‘उघडा’ म्हणेपर्यंत मिटूनच ठेवत.

“म्हणून मला एकच द्या,” काकू म्हणाल्या. “शनिवारी या, आणि चार वाक्यं बोला. माझ्याबद्दल. दातांबद्दल नाही.”

“चार कशाला, चाळीस बोलतो.”

“चार.”

शनिवारी काकू सकाळीच गेल्या. काका टेबलाशी बसले. नवी कवळी करायला तीन दिवस लागतात, आणि त्यांचे तिन्ही दिवस सुळ्यांची लांबी ठरवण्यात गेले होते. पण हरकत नव्हती. स्वतःच्या तोंडातली कवळी होतीच. तिच्यावर मेणाने दोन सुळे चिकटवायचे, कार्यक्रम झाला की काढायचे. दोन मिनिटांचं काम. त्यांनी सुळे चिकटवले, कवळी घातली आणि आरशासमोर ‘भयंकर’ म्हणून पाहिलं. ‘भ’ म्हणताक्षणी उजवा सुळा उडून चहात पडला.

दुसऱ्यांदा ‘य’पर्यंत टिकला.

आता दुसरा कुणी असता तर त्याने ‘भयंकर’ हा शब्द टाळला असता. काका त्यातले नव्हते. त्यांनी कपाटातून तुटलेल्या कवळ्या जोडायचा माल काढला. हा माल एकदा धरला की कवळी मोडेल पण सांधा सुटणार नाही, असं ते स्वतःच गिऱ्हाइकांना सांगत. नंतर मोटरने घासून टाकू, पाच मिनिटांत साफ. त्यांनी सुळे पक्के बसवले. आणि काय बसले म्हणता! तोंड मिटलं की खालच्या सुळ्यांच्या बाजूला अलगद जाऊन बसत, ओठाला केसभरही धक्का नाही. काकांनी आरशासमोर ‘भयंकर’ अकरा वेळा म्हटलं. शेवटचे तीन-चार नुसते आनंदाने.

कार्यक्रम एकला सुरू झाला. काकांची पाळी दोन वाजून दहा मिनिटांनी आली, कारण व्हँपायर जास्त देखणे की लांडगे जास्त प्रामाणिक यावर दोन कॉलेजातल्या मुली हमरीतुमरीवर आल्या होत्या. काका पडद्यावर दिसले, तोंड उघडलं, सुळे दाखवले, तोंड मिटलं, पुन्हा उघडलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, “भयंकर फसव्या बनावटीचे बोथट सुळे बघून भाबडे प्रेक्षक भुलले, पण मी भुललो नाही!”

एक अक्षर घसरलं नाही. ‘पौर्णिमेचा लांडगा’ने खाली लिहिलं, ‘काका, शरण आलो.’

काका खुर्चीतून उठले तेव्हा दोन वीस झाले होते. जग जिंकून आल्यासारखे ते मोटरपाशी गेले आणि बटण दाबलं. मोटर ढिम्म. दिवा लावून पाहिला. तोही ढिम्म. शेजारच्या शिंपीणबाईंना खिडकीतून विचारलं.

“तारांचं काम आहे ना. पाचला येणार लाइट. अगं बाई!” शेवटचे शब्द काकांचं तोंड बघून.

काकांनी हातकानस घेतली आणि कवळी चिमट्यात धरून घासू लागले. स्वतःच्या कामाचा इतका राग त्यांना आयुष्यात आला नव्हता. वीस मिनिटांत उजवा सुळा अर्धा झाला. तेवढ्यात मुलीचा फोन.

“बाबा, सगळे आलेत. आई दाराकडे बघतेय सारखी. निघालात ना?”

“निघायो.” कवळी हातात होती.

बिनदातांचं जावं तर ‘एकतीस’चं ‘एकयीस’ होणार, आणि ते सगळ्या डॉक्टरांसमोर, कवळ्या बनवणाऱ्या माणसाचं! काकांनी मनाचा हिय्या केला, कवळी घातली, तोंडाला रुमाल लावला आणि निघाले.

रक्तपेढीच्या मागच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. भिंतीपलीकडे मोठमोठी फ्रिजं घुमत होती आणि काचेच्या दारातून बाहेर रक्त द्यायला आलेली चार-पाच माणसं बसलेली दिसत होती. काकांनी तिकडे पाठ केली. काकू नवीन साडीत, हारतुऱ्यांमध्ये बसल्या होत्या. काका शेजारी येऊन बसले.

“रुमाल का?” काकूंनी ओठ न हलवता विचारलं.

“दात दुखतोय.”

“वरचे सगळे खोटे आहेत तुमचे. खोटा दात दुखतो?”

काकांनी रुमाल आणखी घट्ट धरला.

“काढा रुमाल.”

काकांनी एक कोपरा उचलला. काकूंनी बघितलं. काकांना वाटलं आता संपलं. पण काकूंनी एवढंच विचारलं, “एक मोठा आणि एक छोटा का?”

“लाइट गेली.”

तेवढ्यात मोठे डॉक्टर उभे राहिले. “ज्यांना बघायची आम्हाला एकतीस वर्षं उत्सुकता होती, ते मॅडमचे मिस्टर आज आलेत. त्यांनी दोन शब्द बोलावेत.”

टाळ्या. काका उठले. आता रुमालामागून काही पुटपुटून बसावं, की सरळ बाहेर पळावं? त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू मान खाली घालून साडीचा काठ नीट करत होत्या, जो आधीच नीट होता.  जे व्हायचं ते होवो म्हणून त्यांनी रुमाल खिशात घातला आणि मान वर केली.

 मग मागून एका परिचारिकेला हसू फुटलं, “अय्या, रक्तपेढीत व्हँपायर!” आणि सगळी खोली टाळ्यांनी दणाणली. लोकांना वाटलं, काय हौशी माणूस! बायकोच्या समारंभासाठी मुद्दाम दात करून आला!

काकांनी तो समज दूर केला नाही. हात वर करून त्यांनी सर्वांना शांत केलं.

“ही घरी सगळं माझं बघते. इथे एकतीस वर्षं ती ज्यांची नावंसुद्धा माहीत नाहीत अशा माणसांसाठी राबली. दिवाणखान्यात बसून मी तिला कधी विचारलं नाही की आज किती जणांना जीवदान दिलंस, मी विचारायचो, जेवायला काय आहे. ते चुकलंच माझं.”

चार वाक्यं. काकूंनी पदर डोळ्याला लावला. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला. इथे काका खाली बसते, तर माणूस जिंकला होता. पण टाळ्या चालूच होत्या, दुपारचा विजय अजून अंगात होता, आणि काकांनी पाचवं वाक्य केलं.

“आणि आज, इथे, आत्ता, मी रक्तदान करणार!”

“अहो, नको,” काकू पुटपुटल्या.

“आता माघार नाही.”

“तुम्हाला माहितेय ना...”

“मी आज दोन लढाया जिंकल्यात. ही तिसरी.”

वरात बाहेरच्या खोलीत आली. काकांचं वजन झालं, रक्तदाब झाला. प्रत्येक वेळी ते सुळे दाखवून फोटो देत होते. मग तीच हसणारी परिचारिका म्हणाली, “काका, आधी बोटातून जरा तपासू हं,” आणि तिने बोटाला टोचलं.

बोटाच्या टोकावर मोहरीएवढा लाल ठिपका आला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा निश्चय तसाच होता, फक्त त्याच्या मागे कुणी उरलं नव्हतं. ते उभेच्या उभे खाली आले.

बाकावरच्या माणसांनी एक सुळेवाला गृहस्थ रक्त बघून कोसळताना पाहिला, आणि त्यांतली दोन ‘नंतर येतो’ म्हणत निघून गेली.

काकूंनी मात्र हार काढून बाजूला ठेवला, साडी खोचली आणि खाली बसल्या. आधी त्यांनी काकांच्या तोंडातून कवळी काढली (बेशुद्ध माणसाच्या घशात काही अडकू नये म्हणून ते आधी करायचं असतं) आणि जवळ उभ्या असलेल्या मोठ्या डॉक्टरांच्या हातात दिली. पुढची पाच मिनिटं मोठे डॉक्टर दीड सुळ्याची ती कवळी तळहातावर घेऊन अदबीने उभे होते. काकूंनी काकांचे पाय निरोपाच्या भेटीच्या खोक्यावर ठेवले, कॉलर सैल केली, पाणी शिंपडलं. एकतीस वर्षांच्या नोकरीतलं त्यांचं हे शेवटचं काम.

काकांनी डोळे उघडले. “किती बायल्या घेयल्या?”

“एकही नाही. मोहरीएवढा थेंब आला, तो तपासायलासुद्धा पुरला नाही,” काकू म्हणाल्या, आणि इतका वेळ दाबून धरलेलं हसू त्यांना आवरेना. खाली फरशीवर बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या. मुलगी हसली, जावई हसला. काकाही हसले, कारण तोंडात वरचे दात नसले की माणसाचं हसू आपोआपच मोठं दिसतं.

महिन्याभराने मोठ्या डॉक्टरांचा आभाराचा फोन आला. काकांच्या फोटोमुळे रक्तदाते दुपटीने वाढले होते.

“कसला फोटो?” काकांनी विचारलं.

काकू गॅसकडे वळल्या. फोटोच्या परवानगीच्या कागदावर सही त्यांचीच होती.

दुसऱ्या दिवशी काका रक्तपेढीसमोरच्या फुटपाथवर गेले, आत न जाता. दाराशेजारच्या भिंतीवर त्यांच्याहून मोठा फलक होता. त्यावर ते स्वतः, चारी मुंड्या चीत, पाय खोक्यावर, तोंड उघडं. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं : ‘यांनी प्रयत्न केला. तुम्ही खुर्चीत बसून करा.’