जानव्याला बांधलेला चाकू

श्रीवर्धनात जानव्याला किल्ली बांधणारे पुष्कळ होते. कुणाची पेटीची, कुणाची कोठीच्या खोलीची, तर कुणाची जगात कुठेच नसलेल्या तिजोरीची. पण जानव्याला चाकू बांधणारा इसम मी एकच पाहिला, तो म्हणजे आमचे घरमालक तात्या.

चाकू तरी कसला, चांगला सहा-सात पात्यांचा विलायती, मिटल्यावर मधल्या आकाराच्या कैरीएवढा जाड. त्याच्या वजनाने जानवं ताणलं जाऊन कमरेखाली लोंबायचं. श्राद्धाच्या दिवशी भटजींनी 'अपसव्य' म्हटलं की तात्या जानवं या खांद्यावरून त्या खांद्यावर फिरवायचे आणि चाकू गर्रकन फिरून शेजाऱ्याच्या बरगडीत बसायचा. भटजी अनुभवाने शहाणे झाले होते. ते हातभर लांब बसूनच मंत्र म्हणत.

मी तेव्हा तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि तात्यांच्या पडवीतल्या खोलीत भाड्याने राहत होतो. तात्यांची सुपारीची वाडी होती, खाऊन-पिऊन सुखी घर होतं. नव्हतं ते एकच, बुडाला स्थैर्य. घटकाभर एका जागी बसतील तर शपथ. मी वह्या तपासायला बसलो की दारात उभे राहायचे, एका हाताने चाकूचं पातं उघडत आणि मिटत. टक, टक, टक. "मास्तर, काही मोडलंय का?"

नाही म्हटलं तर त्यांचा चेहरा पडायचा. म्हणून एकदा दया येऊन मी छत्री दिली. तात्यांनी तिच्यावर टोचा, चिमटा आणि कानस चालवली, दुपारभर घाम गाळला आणि छत्री परत दिली. आठ काड्यांची छत्री सात काड्यांवर आली होती. "आठवी उगाचच होती," ते म्हणाले.

चाकू कसा निवडावा यावर ते कुणालाही, कधीही गाठून बोलत. मूठ शिंगाची घ्यावी, हस्तिदंत घामाने घसरतो. पातं उघडताना आवाज कोरडा यावा, ओला आला तर आत गंज आहे. आपल्याकडची हवा खारी, म्हणून रोज रात्री सांध्यात खोबरेलाचा थेंब सोडावा. आणि मुख्य म्हणजे चाकू अंगावर असावा. "पेटीतला चाकू म्हणजे माहेरी गेलेली बायको," असं म्हणून ते माईंकडे बघत. माई म्हणजे त्यांचं कुटुंब. त्या विळीवरून मानही वर करत नसत.

हे चाकू आणून द्यायचा इब्राहिम नाखवा. तात्या आणि तो लहानपणी शाळेत एका बाकावर बसलेले. नारळी पौर्णिमा झाली की इब्राहिमचं गलबत बसऱ्याला जायचं आणि वैशाखात खजूर भरून परत यायचं. येताना तात्यांसाठी बसऱ्याच्या बाजारातून एक चाकू. मग ओटीवर त्या चाकूची परीक्षा. मी दोन वर्षं ती पाहिली आणि दोन्ही वर्षं मला इब्राहिमची कीव आली. तात्या एकेक पातं उघडणार, नखावर लावून बघणार, डोळे मिटून आवाज ऐकणार आणि शेवटी म्हणणार, "सगळं ठीक. पण एक पातं कमी आहे." कधी करवत नाही, कधी कात्री नाही. एकदा सगळं होतं तर बूच काढायचा मळसूत्री दांडा नव्हता. त्या घरात बूच लागलेली बाटली म्हणजे एरंडेलाची, पण तात्या अडून बसले.

"पुढल्या साली आणतो," इब्राहिम निमूटपणे म्हणायचा. बारा वर्षं हेच चाललं होतं. नापसंत चाकू वर्षभर जानव्याला राही आणि नवा आला की वाडीतल्या एखाद्या गड्याला मिळे. आमच्या पाखाडीत प्रत्येकाच्या कमरेला विलायती चाकू होता.

एका सुट्टीत मी मुंबईला गेलो, तर एका दुकानात तात्यांच्या यादीतली सगळी पाती असलेला चाकू दिसला. हौसेने घेतला, आगबोटीने आलो आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उघडूनसुद्धा पाहिला नाही. "मुंबईचा मला नको," म्हणाले. मला राग आला. माणूस विक्षिप्त असावा, पण त्यालाही काही सीमा असते, असं मी माईंना बोलूनही दाखवलं. माई म्हणाल्या, "त्यांना चाकू नकोच आहे हो," आणि चुलीकडे वळल्या. मला वाटलं, बायका बोलतात तसं काहीतरी बोलल्या.

तिसऱ्या वर्षी मात्र आक्रीत घडलं. इब्राहिमने आणलेला चाकू तात्यांनी उघडला, एकेक पातं मोजलं, पुन्हा मोजलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वा. यात काही कमी नाही. संपलं बाबा तुझं काम."

माई दारातच थबकल्या. आमच्याकडे डब्यातले तांदूळसुद्धा संपत नाहीत, ते 'वाढतात'. निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आणि दर्यावर जाणाऱ्या माणसाला हे सांगितलं, संपलं म्हणून. इब्राहिम नुसता हसला. पावसाचा जोर ओसरला, नारळी पौर्णिमेला त्याने सोन्याचा नारळ वाहिला आणि शीड उभारलं.

त्यानंतर तात्यांची अस्वस्थता वेगळीच झाली. सगळी पाती असलेला चाकू जानव्याला होता, पण दुरुस्त्या थांबल्या. पौषात त्यांनी बसऱ्याच्या खजूरवाल्याच्या पत्त्यावर इब्राहिमला कार्ड टाकलं. टपालात टाकायला माझ्याकडेच दिलं, म्हणून मी वाचलं. 'चाकू निकामी निघाला. करवत मोडली. दुसरा घेऊन ये.' करवत तर त्याच सकाळी मी धडधाकट पाहिली होती. पण म्हाताऱ्याशी कोण वाद घालणार.

वैशाख गेला. गावातली बाकीची गलबतं परत आली, किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलीसुद्धा. ज्येष्ठ लागला, दर्याचा रंग बदलला, आगबोट बंद झाली. इब्राहिमचा पत्ता नव्हता. तात्या दिवसातून चारदा किनाऱ्यावर जायचे आणि आल्यावर विचारलं तर म्हणायचे, "चाकू यायचाय ना."

एका दुपारी मी वाडीत गेलो तर विहिरीजवळच्या दगडावर तात्या करवत आडवी धरून वरवंट्याने ठोकत होते. पातं वाकत होतं, मोडत नव्हतं. विलायती माल तो. शेवटी एकदाचा तुकडा उडाला आणि ते खाली बसले.

"हे काय केलंत?" मी म्हणालो.

"कार्डावर लिहिलंय, मोडली म्हणून. तो तिकडे पाण्यात, आणि माझं खोटं इथे माझ्या गळ्यात. म्हणून खरं केलं." त्यांनी उडालेला तुकडा उचलून घेतला. "मास्तर, तेरा वर्षांपूर्वी इथलं एक गलबत गेलं ते आलंच नाही. पाच माणसं. तेव्हापासून मी याच्या चाकूत खोट काढतो. मागणं बाकी असलं की माणसाला परत यावं लागतं. बारा वर्षं तोंड सांभाळलं, आणि गेल्या वर्षी जीभ घसरली."

मी त्यांच्या शेजारी बसलो. ते मात्र लगेच उठले आणि किनाऱ्याकडे चालू लागले.

त्यानंतर चौथ्या दिवशी, शाळा सुटून मी घरी येऊन नुकता हातपाय धूत होतो, तर अंगणात खजुराची करंडी डोक्यावर घेऊन इब्राहिम उभा. दाढी वाढलेली, एक पाय ओढत होता. वाटेत डोलकाठी मोडली, पोरबंदरला महिनाभर पडून राहिलो, म्हणाला. "तुमचा पिसाट कुठं हाय?"

तात्या ओटीवरच होते. उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. ये नाही, बस नाही. जानव्याचा चाकू सोडून त्याच्यापुढे टाकला. "हे बघ. हा तुझा माल. आपोआप मोडला."

इब्राहिमने तुटलेलं पातं उन्हात धरून पाहिलं. त्यावर वरवंट्याच्या खुणा स्पष्ट होत्या. "व्हय," तो म्हणाला. "आपोआपच मोडलाय." मग पायरीवर बसून पाय चोळत म्हणाला, "तात्या, येक सांगू? सगळ्या पात्यांचा चाकू त्या दुकानात पयल्या वर्सालाच व्हता. मीच न्हाय घेतला."

"का?"

"तू तक्रार न्हाय केली, तर मी तुझ्या ओटीवर कशापायी येऊ? दर साली येक पातं कमी असलेला शोधायचा म्हणजे काय कमी ताप हाय? गेल्या साली दुकानात दुसरा न्हवताच, म्हणून तो आणला. तू पसंत केलास आन् माझं काळीजच बसलं."

आत माईंच्या विळीचा आवाज थांबला होता. इब्राहिमने कनवटीचा चाकू काढून ओटीवर ठेवला. साधी लाकडी मूठ आणि एकच पातं. आमच्या बाजारातही तसला सहज मिळाला असता.

तात्यांनी तो उचलला. उघडला, मिटला, कानाशी धरला. "मूठ कच्ची आहे," ते म्हणाले. "आवाज ओला येतो. करवत नाही, कात्री नाही, टोचा..." धोतराचा सोगा डोळ्यांना लावून ते तसेच बसले, चाकू मुठीत घट्ट धरून.

"सावकाश सांग," इब्राहिम म्हणाला. "नारळी पुनवेपातुर मी हितंच हाय."