खिचडीचा सुरक्षित मार्ग

सोनगीरच्या अलीकडच्या एका लहान गावाने स्वातंत्र्यदिनाच्या ग्रामसभेत जगातल्या सर्व युद्धांची गंभीर दखल घेतली. ठराव भटूनानांचा. नाना गावातल्या एकमेव पिठाच्या गिरणीचे मालक. गिरणीतल्या टीव्हीवर रोज बातम्या बघून त्यांचं काळीज तुटायचं. दूरदेशी अन्नाच्या गाड्या अडवतात, मदत नेणाऱ्यांनाच मारतात, लेकरं भुकेनं मरतात! "कोणत्याही पक्षाने अन्नाची अडवणूक करू नये व मदत नेणाऱ्यास इजा पोहोचवू नये," हे नानांनी आवाज कापरा करून वाचलं. सगळे हात वर झाले आणि ठराव साध्या टपालाने संयुक्त राष्ट्रांकडे रवाना झाला. उत्तर आलं नाही, पण नानांचा फोटो धुळ्याच्या पेपरात छापून आला. तो त्यांनी गिरणीत लावला.

मग पोळा आला. तोरणाखालून आधी जायचा मान वरल्या गल्लीचा. पण गावात बैल उरलेत कुठे? खालल्या गल्लीने झूल पांघरून, फुगे बांधून ट्रॅक्टर आणला. वरल्या गल्लीतर्फे नानांचा मुलगा योगेंद्र भाड्याचा बैल धरून उभा राहिला. ट्रॅक्टरला बैलाच्या पुढे जाता येईल काय, या प्रश्नावर दोन्हीकडून काठ्या निघाल्या. बैल कंटाळून आपल्या मालकाकडे निघून गेला. माणसं मात्र मागे हटली नाहीत.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर पाटी लागली : "तांत्रिक कारणास्तव खालल्या गल्लीसाठी बंद." वरल्या गल्लीच्या दळणाला तांत्रिक अडचण नव्हती. गावाबाहेर जायचा रस्ता वरल्या गल्लीतून. तिथे, दोन गल्ल्या जोडणाऱ्या मारुतीच्या बोळाच्या तोंडाशी, योगेंद्रची मंडळी खाट टाकून बसली. पलीकडे नाला दुथडी भरलेला. खालल्या गल्लीत कोठ्या ज्वारीने भरलेल्या, आणि ताटात भाकरी नाही. लोक दाणे शिजवून घुगऱ्या खाऊ लागले. लेकरांची पोटं बिघडली.

याला नाकेबंदी म्हटलं की नाना दुखावत. "अन्न कोनी अडायं? दाना त्यास्ना घरमाच शे. आपन फक्त पीठ करी देत नही." ग्रामसभेचं लिखाण बघणारे पितांबर गुरुजी यांनी तर शास्त्राधारच काढून दिला : काठी हे शेतीचं अवजार आहे, सबब हा संघर्ष सशस्त्र नाही, सबब ऑगस्टचा ठराव येथे लागू नाही.

अडचण केली ती भिकुबाईने. ती अंगणवाडीची मदतनीस. अंगणवाडी वरल्या गल्लीत. खालची लेकरं यायची बंद झाली, तर ही बाई खिचडीचा डबा डोक्यावर घेऊन त्यांच्या दारोदार जाऊ लागली. तिसऱ्या दिवशी मारुतीच्या बोळात तिच्या पाठीत दगड बसला.

गाव हळहळलं. नानांनी तातडीची सभा घेतली. दगड मारणाऱ्या अज्ञात इसमांची बाजूही सभेने मोकळ्या मनाने विचारात घेतली : त्यांना ती ओळखू आली नसावी. म्हणून हायवेच्या कामावरचं चमकतं केशरी जाकीट भिकुबाईला देण्यात आलं. शिवाय गैरसमज टळावा म्हणून देवळाच्या भोंग्यावरून रोज पुकारा सुरू झाला : "भिकुबाई आता मारुतीच्या बोळातून खाली जात आहेत. संबंधितांनी नोंद घ्यावी."

संबंधितांनी नोंद घेतली. आता नेम चुकेना.

"नाना, मना रस्ता बठ्ठा गावले काबर सांगतस?" भिकुबाईने विचारलं.

"अक्का, तुन्हा सुरक्षासाठेच शे ना ते," नाना कळवळून म्हणाले. आणि ते खोटं बोलत नव्हते. आपल्याकडे खोटं बोलायची वेळ सहसा येतच नाही.

चौकशी समितीही नेमली. बोळाच्या तोंडाशी खाट टाकून बसणारा, म्हणजे घटनास्थळाचा सगळ्यात जवळचा माहीतगार योगेंद्र. अध्यक्षपद त्यालाच मिळालं. समितीने दोन्ही बाजूंना, म्हणजे दगडाला आणि डोक्याला, संयम पाळण्याचं आवाहन केलं. त्याच आठवड्यात भिकुबाईचा हात मोडला. डबा नाल्यापर्यंत गडगडत गेला.

आता डबा कोण नेणार? धुळ्याच्या पेपरचा माणूस येणार होता आणि नानांचं नाव जगाच्या शांततेशी जोडलं गेलेलं. नानांनी केशरी जाकीट चढवलं, पोटावर बटण लागेना ते तसंच सोडलं, आणि डबा डोक्यावर घेतला. भोंग्यावरून भिकुबाईच्याच नावाचा ठरलेला पुकारा झाला. पुकाऱ्याचा मजकूर नानांनी स्वतः लिहिलेला, त्यामुळे त्यातली भाषा त्यांना आवडली. बोळात शिरल्यावर मात्र तीच भाषा ऐकून ते भिंतीला चिकटून चालू लागले.

दगड कपाळावर बसला. डबा पडला. भिंतीआडून योगेंद्र धावत आला.

"अरे देवा! नाना, तुमी शेतस का? माले वाटनं भिकु अक्का शे!"

नानांच्या कपाळाचं रक्त डोळ्यात उतरत होतं. समोरच्या दारात खालल्या गल्लीतली लहानगी पुनम ताटली घेऊन उभी होती. तिने नानांकडे पाहिलं नाही. जमिनीवर पसरलेल्या खिचडीकडे पाहिलं.

"आज बी सांडनी का?" तिने विचारलं.

एवढी लाज नानांना जन्मात वाटली नव्हती. तिथल्या तिथे, त्या बोळातच, काहीतरी केलं पाहिजे असं त्यांना मनापासून वाटलं.

म्हणून त्यांनी संध्याकाळी सभा बोलावली.

कपाळाला पट्टी बांधून नाना उभे राहिले. आवाज कापत होता आणि यावेळी तो खरोखर कापत होता. त्यांनी अज्ञात इसमांचा तीव्र निषेध केला. अनुमोदन योगेंद्रने दिलं. त्याचेही डोळे भरून आले होते. मदत नेणाऱ्यास यापुढे हेल्मेट द्यावं, असं गुरुजींनी सुचवलं.

गळ्यात हात बांधलेली भिकुबाई दाराशी उभी होती. "ठराव ऱ्हाऊ द्या नाना," ती म्हणाली. "गिरनी चालू करा. मंग खिचडी लई जावानं कामच नही."

नानांनी खाली पाहिलं. कमरेला गिरणीची किल्ली होती. त्यांचा हात तिच्यापर्यंत गेलाही. मग त्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी कागद उलटसुलट करून बघितला आणि गंभीरपणे मान हलवली : गिरणीचा विषय विषयपत्रिकेवर नव्हता.

हेल्मेटचा ठराव एकमताने मंजूर झाला. सभेला हजर असलेल्यांपैकी, तसंच घरी बसून हे सगळं शेवटपर्यंत वाचणाऱ्यांपैकी, कोणीही हरकत घेतल्याची नोंद नाही.