डिनीच्या मयतीला नवा अल्बम

शुक्रवारी सकाळी फिन्टन दूध आणायला बाहेर पडला आणि दुकानाच्या दारातच नॅन्सकाकूंनी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"फार वाईट झालं रे, फिन्टन. तुझ्या दुःखात आम्ही आहोत."

 संध्याकाळी गावच्या हॉलमध्ये 'बुडालेली गाढवं' या त्याच्या बँडचा नवा अल्बम निघायचा होता, आणि तो होता नव्या गायिकेचा. जुना गायक डिनी याने पंधरा वर्षं माइकसमोर उभं राहून असा काही आरडाओरडा केला होता, की शेवटी डॉक्टर म्हणाले, बोलायला गळा उरायला हवा असेल तर गाणं सोड. डिनीने गाणं सोडलं आणि शाळेची बस चालवायला घेतली. तेव्हापासून किल्कोरन गावात जो भेटेल तो फिन्टनचं सांत्वनच करायचा. त्यामुळे काकूंच्या बोलण्यात त्याला नवीन काही वाटलं नाही.

"जायचाच होता तो, काकू," तो म्हणाला. "वर्षभर आम्हाला दिसतच होतं."

"वर्षभर? आणि गावात कुणाला पत्ता नाही!"

"आम्हीच बोललो नाही. पण त्याच्या जागी मुलगी आणलीये. सोरका. पलीकडच्या गावची आहे, पण गाते अशी की तुम्ही डिनीला विसराल."

काकूंनी त्याचा हात सोडला. "इतक्यात?" त्या म्हणाल्या. मग स्वतःला सावरून त्यांनी त्याच्या गालावर थोपटलं. "असू दे. माणूस दुःखात काहीही बोलतो. संध्याकाळी येते मी. सँडविचेस घेऊन येते."

फिन्टन जागच्या जागी उभा राहिला. नॅन्सकाकू बँडच्या एकाही कार्यक्रमाला आजवर आल्या नव्हत्या. अकॉर्डियनला वीज जोडणं हे पाप आहे, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. त्या येणार म्हणजे चांगलंच होतं. गेल्या कार्यक्रमाला हॉलमध्ये माणसांपेक्षा खुर्च्या जास्त होत्या. आजही हॉल रिकामा राहिला तर बँड मोडायचा, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. अकॉर्डियन सोडलं तर फिन्टनला आयुष्यात दुसरं काही येत नव्हतं.

पुढच्या कोपऱ्यावर पोस्टमनने त्याला पाहून टोपी काढली. खाटकाच्या दुकानात तर खाटकाने न मागता अख्खा शिजवलेला हॅम कागदात बांधून त्याच्या हातात दिला आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला.

"अरे, पण हे कशाबद्दल?"

"शूः!" खाटकाने सुरी वर धरली. रेडिओवरच्या बातम्या संपल्या होत्या आणि निधनवार्ता सुरू होत होत्या. त्या वेळी किल्कोरनमध्ये कुणी हलत नाही, कापत नाही, गिऱ्हाईकही करत नाही.

"किल्कोरनचे डिनी लाँडर्गन," रेडिओवरची बाई जड आवाजात म्हणाली, "'बुडालेली गाढवं' यांना पोरकं करून गेले. अंत्यदर्शन आज संध्याकाळी सहापासून गावच्या हॉलमध्ये. फुलं आणू नयेत. त्याऐवजी नवा अल्बम घ्यावा."

फिन्टनच्या हातातला हॅम खाली पडला. खाटकाने तो उचलून, पुसून, परत त्याच्या हातात दिला आणि स्वतःचे डोळे पुसले.

फिन्टन तडक पायसच्या छापखान्यात शिरला. पायस बँडमध्ये ड्रम वाजवायचा आणि पोटासाठी सगळ्या तालुक्याची श्रद्धांजलीची कार्डं छापायचा. अल्बमचं आमंत्रण श्रद्धांजलीच्या कार्डासारखं काढू, जुन्या बँडला गमतीने निरोप देऊ, ही कल्पना मात्र फिन्टनचीच होती. काळी चौकट, डिनीचा फोटो, खाली '२००९–२०२४', आणि मागच्या बाजूला ठळक अक्षरांत 'घाबरू नका, डिनी ठणठणीत आहे, फक्त गाणार नाही.' कार्डं काल रात्रीच घरोघरी पोचली होती.

"पायस, मागे काय छापलंस?"

"प्रार्थना," पायस म्हणाला. "मागे प्रार्थनाच असते."

"मागे डिनी ठणठणीत आहे असं छापायचं ठरलं होतं!"

"हां, ते." पायसने डोकं खाजवलं. "मागची बाजू आपली कायमची लावलेली असते रे. गेल्या वीस वर्षांत ती बदलायची वेळच आली नाही."

"आणि रेडिओला कुणी कळवलं?"

"कुणी कळवायला कशाला हवं? कार्ड छापलं की एक प्रत चर्चला, एक रेडिओला आणि एक शववाहिनीवाल्याला आपोआप जाते. वडिलांच्या वेळेपासूनची पद्धत आहे. तूच म्हणालास ना, नेहमीसारखंच दिसायला हवं?"

फिन्टनने बाहेर रस्त्यावर येऊन रेडिओला फोन लावला. तिथली बाई फार समजूतदार होती. ती म्हणाली, बातमी मागे घ्यायची तर मयताच्या घरच्यांनी सांगायला हवं. डिनीला घरचं कुणी नव्हतं. मग फिन्टनने डिनीलाच फोन केला. डिनी शाळेच्या मुलांना घेऊन डब्लिनला गेला होता आणि बस चालवताना तो फोन बंद ठेवायचा. फोनवर त्याचा जुना, राक्षसी आवाज तेवढा आला: "डिनी बोलतोय! काय असेल ते सांगा आणि लवकर आटपा!"

"डिनी," फिन्टन काकुळतीला येऊन म्हणाला, "कृपा करून फोन कर. तुझ्याशिवाय हे मला निस्तरता यायचं नाही रे."

मागून हुंदका ऐकू आला. नॅन्सकाकू पावासाठी लोणी घेऊन चालल्या होत्या. "अजून त्याच्या फोनवर आवाज ऐकत बसतोय बिचारा," त्या रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या.

"काकू, डिनी मेलेला नाही!"

"आमच्यासाठीही नाही, बाळा," काकू म्हणाल्या. "तो गाण्यात जिवंत आहे."

दुपारपर्यंत फिन्टनने 'डिनी मेलेला नाही' हे वाक्य पोस्टात, चर्चमध्ये, दोन्ही दारूच्या गुत्त्यांत आणि शववाहिनीवाल्याकडे सांगून पाहिलं. प्रत्येकाने त्याला खुर्चीवर बसवलं आणि गोड चहा पाजला. डिनीला काय झालं होतं, कुठे गेला, हे एकानेही विचारलं नाही. किल्कोरनमध्ये मयताच्या घरी असे प्रश्न विचारत नाहीत, ते असभ्य समजतात. बातमी आली की लोक पावाला लोणी लावायला घेतात, आणि एकदा लोणी लागलं की ती मयत ब्रह्मदेवालाही रद्द करता येत नाही.

सहा वाजता हॉलच्या दारापासून थेट समुद्राच्या कठड्यापर्यंत रांग लागली होती. स्टेजसमोर नव्या अल्बमच्या रेकॉर्डची खोकी एकापुढे एक मांडून पायसने त्यांवर काळं कापड टाकलं होतं आणि वर डिनीची जुनी टोपी ठेवली होती. सकाळपर्यंत ती सजावट होती. आता लोक एकेक करून शवपेटी समजून त्या खोक्यांपाशी गुडघे टेकत होते.

"मी नाही गाणार," सोरका पडद्यामागे म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "फिन्टनदादा, माझा इथला पहिला कार्यक्रम आहे. समोर सगळं गाव रडतंय. आधीच मी पलीकडच्या गावची. गेल्या वर्षी आमच्या टीमने तुम्हाला हर्लिंगच्या सामन्यात धुतलं, ते अजून कुणी विसरलेलं नाही. हे मला खाऊन टाकतील."

"मी सांगतो त्यांना खरं काय ते."

"आणि मग?"

मग काय, ते फिन्टनला चांगलंच दिसत होतं. खरं सांगितलं तर लोक सँडविचेस उचलून घरी जाणार आणि पुन्हा जन्मात बँडचं तोंड पाहणार नाहीत. नाही सांगितलं तर सोमवारी सकाळी डिनी शाळेची बस घेऊन गावातून जाणार.  तरी तो स्टेजवर गेला.

"मंडळी, एक चूक झाली आहे. डिनी जिवंत आहे."

 मग मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि बघता बघता सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. "शाब्बास फिन्टन!" पोस्टमन ओरडला. "जिवंतच राहील तो!"

फिन्टनने हताश होऊन अकॉर्डियन गळ्यात अडकवलं. आता वाजवण्याखेरीज करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पायसने ड्रमवर काठ्या आपटल्या, फिडलवाल्याचं व्हायोलिन किंचाळलं आणि सोरकाने डोळे मिटून पहिलंच गाणं असं काही सोडलं की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. समोर काळ्या कोटातली माणसं हात जोडून गंभीरपणे मान हलवत होती. नॅन्सकाकूंचा पाय मात्र हळूच ताल धरत होता.

शेवटचं गाणं संथ होतं, समुद्रावर गेलेल्या आणि परत न आलेल्या माणसाचं. सोरका ते जवळजवळ नुसत्या अकॉर्डियनच्या साथीवर गायली. गाणं संपलं तेव्हा खाटक लहान मुलासारखा रडत होता.

"छान म्हटलं हो," काकू नाक शिंकरत म्हणाल्या. "पण डिनीची सर नाही. त्याचा सूर म्हणजे देवाघरचा."

"त्याच्यासारखा पुन्हा होणे नाही," पोस्टमन म्हणाला.

फिन्टनने खाली पाहिलं. डिनीला सूर असा कधी नव्हताच. होता तो आवाज. पण मेलेल्या माणसाशी स्पर्धा करून कोण जिंकलंय? सोरकाचे डोळे भरून आले होते. तिने माइक खाली ठेवला, तेव्हा ती तो पुन्हा उचलणार नाही हे फिन्टनला कळलं.

आता रीतीप्रमाणे बँड ओळीने उभा राहिला आणि रांग पुढे सरकायला लागली. एकेक जण हात हातात घ्यायचा, "दुःखात आम्ही आहोत" म्हणायचा आणि सँडविचेसच्या टेबलाकडे वळायचा. फिन्टन मान खाली घालून हात पुढे करत होता.

"फार वाईट झालं," एक घोगरा आवाज म्हणाला. "दुःखात आहे मी तुझ्या."

"हो ना," फिन्टन म्हणाला. "जायचं वय नव्हतं त्याचं."

"कोण गेलं पण? बाहेर एवढ्या गाड्या दिसल्या, म्हटलं आपणही हात मिळवून जावं. पुढच्याला विचारलं तर तो मागे न बघताच रडायला लागला."

फिन्टनने मान वर केली. समोर डिनी उभा होता. मुलांना घरोघरी सोडून तो थेट आला होता, बसच्या किल्ल्या अजून त्याच्या हातातच होत्या.

"तू," फिन्टन म्हणाला.

"मी काय?"

"तू गेलास."

कुणाच्या तरी हातातली बशी फुटली. नॅन्सकाकू पुढे आल्या, त्यांनी डिनीच्या दंडाला कडकडून चिमटा काढला आणि तो ओरडल्यावरच त्यांची खात्री पटली.

"डिनी लाँडर्गन, तू जिवंत आहेस?"

"आहे बहुतेक, काकू."

"आणि मी सकाळपासून स्वयंपाकघरात उभी आहे! पाय बघ माझे!"

"एक फोन करता येत नाही माणसाला?" पोस्टमन म्हणाला. "मी रजा टाकली आज तुझ्यासाठी."

"अख्खा हॅम दिला मी," खाटक म्हणाला. "पहिल्यापासून असलाच आहे हा. कधी वेळेवर म्हणून आला नाही."

"गातानाही तेच," मागून कुणीतरी म्हणालं. "दुसऱ्या कडव्याला हटकून घसरायचा."

"आणि शब्द? शब्द कधी कळले का कुणाला?"

"ह्या पोरीचे कळतात," काकू म्हणाल्या. "मी मघापासून तेच सांगतेय. पोरगी शंभर पटींनी बरी गाते." त्यांनी काळं कापड ओढून काढलं, खोकं उघडलं आणि वरची रेकॉर्ड काखेत मारली. "मी नेतेय ही. पाय दुखल्याचं काहीतरी मिळू दे." पाठोपाठ खाटक सरसावला, मग पोस्टमन, आणि खोक्यांभोवती अशी झुंबड उडाली की डिनीची टोपी कुणाच्या तरी पायाखाली गेली.

बँड वाचला होता.  डिनी मात्र एकटाच उभा राहून आपली तुडवली गेलेली टोपी झटकत होता. नवा अल्बम त्याला नेऊन ऐकवायचा धीर फिन्टनला झाला नव्हता, आणि आता सगळ्या गावाने त्याच्या तोंडावर त्याची पंधरा वर्षं धुवून काढली होती.

"डिनी, ऐक ना. ते कार्ड मागच्या बाजूला..."

"बाहेर बस लावताना ऐकलं शेवटचं गाणं," डिनी म्हणाला. "तीच का ही?"

सोरकाने मान हलवली. ती दोन पावलं मागे सरकली. हॉलमधला गोंगाट हळूहळू थांबला आणि लोक रेकॉर्ड छातीशी धरून बघायला लागले. डिनीने टोपी डोक्यावर ठेवली, रांगेतली आपली जागा पुन्हा धरली, एक पाऊल पुढे सरकला आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मग त्याने फिन्टनकडे पाहिलं, पायसकडे पाहिलं, आणि उरल्यासुरल्या आवाजात तो अगदी मनापासून म्हणाला,

"तुझ्या दुःखात मी आहे, पोरी. पंधरा वर्षं काढलीत मी ह्यांच्याबरोबर."