दिवा विझवणारं पेव

केसरबाईंनी पेव उघडायचं ठरवलं आणि त्यांच्या पोराच्या, जीवनच्या हातातला चहा बशीत सांडला. यंदा ज्वारी उदंड झाली होती, कोठ्या गळ्यापर्यंत भरल्या होत्या, उरलेल्या पोत्यांना किडा लागेल म्हणून बाईंना घोर लागला होता. घरामागं सासऱ्याच्या काळातलं जमिनीखालचं पेव रिकामं पडलेलं होतं. रिकामं म्हणजे बाईंच्या हिशेबानं. त्यात जीवनची वाईन होती.

आता चकलांब्याजवळच्या वाडीत वाईन कुठून आली, असं विचाराल, तर द्राक्षांतून. जीवननं हट्टानं द्राक्षं लावली आणि भाव असा पडला की टेम्पोचं भाडंसुद्धा निघेना. वडील अर्जुनराव म्हणाले, एवढा हंगाम झाला की बाग मोडून कापूस लावायचा. बागेत पोराचा जीव अडकलेला. तो गुपचूप नाशिकला जाऊन वाईनचं शिक्षण घेऊन आला. तिथल्या साहेबांनी सांगितलं, द्राक्षं चुरगळा, खमीर घाला आणि ड्रमला ऊन दाखवू नका, उजेड दाखवू नका, हलवू नका. बीडच्या मार्चात तर सावलीसुद्धा तापते. म्हणून आईवडील चतुर्थीला लिंबागणेशला गेले तेवढ्यात त्यानं ड्रम पेवात उतरवले. चव जमली तर रीतसर परवाना काढायचा आणि बाग वाचवायची, असा साधा बेत होता.

पण अर्जुनराव पडले दारूबंदीचे पुढारी. गावातलं दारूचं दुकान त्यांनी बायकांचं मतदान घेऊन बंद पाडलेलं. त्यांच्याच पेवात ही वस्तू सापडली असती तर पोरगं राहिलं बाजूला, आधी त्यांच्या तोंडाला काळं लागलं असतं.

पेवात माणूस उतरण्याआधी दोरीनं कंदील सोडतात. जळत राहिला तर हवा चांगली. विझला तर पेवाचं तोंड उघडं ठेवून वाट बघायची, ही वाडवडिलांपासूनची रीत. केसरबाईंनी कंदील सोडला, तो विझला. दुसऱ्या दिवशी सोडला, पुन्हा विझला. आठवडा झाला तरी तेच. द्राक्षाचा रस आंबताना जो वायू सुटतो तो जड असतो, तळाशी बसतो आणि जेवढा जाईल तेवढा नवा तयार होतो, हे त्या घरात एकट्या जीवनला माहीत होतं.

"माय, गॅस असंल खाली," तो म्हणाला.

"कशाचा गॅस? कवापासून त्यात दाना न्हाई," केसरबाई म्हणाल्या. "आन गॅस असा बुडबुड बोलतो व्हय?"

ड्रमच्या नळ्या पाण्याच्या बाटल्यांत सोडलेल्या होत्या, त्या खरंच बुडबुडत होत्या. बघता बघता गाव जमलं. सटवा देवरुषी पेवाच्या तोंडाशी पालथा पडला, त्यानं वास घेतला आणि निकाल दिला. भुताचा वास कुजका असतो, हा फळाचा गोड वास आहे, म्हणजे खाली देवी आहे. तरण्या पोरांनी त्यात भर घातली, की देवी आहे तर धनही असणार, निजामाच्या काळातलं. त्यांनी लगोलग फोन लावून दुसऱ्या दिवसासाठी जेसीबी सांगूनही टाकला.

जीवनची पाचावर धारण बसली. तो गोठ्यात वडिलांकडे गेला.

"अण्णा, खाली देवी न्हाई. वाईन हाय."

वैरण टाकता टाकता अर्जुनरावांनी विचारलं, "कुनाची?"

"आपल्याच द्राक्षाची. मी केली."

अर्जुनराव भडकले हे सांगायला नकोच. तुला शिकवलं ते याच्यासाठी का, उद्या बचत गटाच्या बाया मला चपलांचा हार घालतील, असं पुष्कळ बोलले, पण दबक्या आवाजात, कारण अंगणात गाव बसलेलं होतं. मग दम खाऊन त्यांनी विचारलं की ठेवली तर नासते का. झाकलेली राहिली तर नासत नाही, असं जीवननं सांगितलं.

अर्जुनरावांनी टोपी नीट केली आणि बाहेर येऊन जाहीर केलं, की देवीनं आपल्याला पहाटेच दृष्टांत दिलाय. मला उकरू नका, ऊन दाखवू नका, हलवू नका, असं ती म्हणाली. झालं. जेसीबी रद्द झाला, पेवावर फरशी बसली, फरशीला शेंदूर लागला. वायू आत कोंडू नये म्हणून जीवननं फरशीला मुठीएवढं भोक ठेवायला लावलं, देवीला श्वास घ्यायला.

बचत गटाच्या सुरेखाबाई गावातल्या अट्टल बेवड्याला, धोंडीरामला, दारू सोडायच्या शपथेसाठी तिथं घेऊन आल्या. त्यानं भोकावर डोकं टेकलं ते लवकर उचललंच नाही. उचललं तेव्हा चेहऱ्यावर समाधान होतं. दुसऱ्या दिवशी तो न बोलावता आला, मग रोजच यायला लागला, आणि दारू सुटली की त्याची. त्याच्या बायकोनं, चतुराबाईनं, नारळ फोडला. शिरूर कासारहूनही बाया नवऱ्यांना धरून आणू लागल्या. अर्जुनरावांचा शाल देऊन सत्कार झाला. जीवनला मात्र रडू यायचं बाकी राहिलं होतं. वाईन देवीखाली अडकली होती आणि बाग मोडायचं अजून कायमच होतं.

पुढं खालचा रस आंबून संपला. बुडबुड थांबली, वास विरला. धोंडीराम दोन दिवस भोकाशी नाक लावून बसला आणि तिसऱ्या दिवशी गेवराईच्या रस्त्यानं झिंगत आला. त्याच्यामागून बाकीचेही.

सुरेखाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "अण्णा, देवी रुसली. कायतरी करा, न्हाईतर आमची घरं पुन्ना बसली."

अर्जुनराव तडक बागेत गेले. उशिरा पिकलेल्या ओळी अजून उतरवायच्या होत्या, पण जीवन मांडवाच्या तारा सोडत होता.

"तारा कावून सोडायलास?"

"तुमीच म्हनलते, बाग मोडायची."

"मोडू नको." अर्जुनरावांनी आजूबाजूला कोणी नाही हे बघून घेतलं. "हा माल आजच उतरव आन चुरगळ. फरशी सरकवायला मी येतो. गावातली दारूबंदी टिकली पायजे."