जज कोण नेमणार?

पोतनीस काका वर्षातून नऊ वेळा शिरा करायचे. नऊ म्हणजे नऊच. सणावाराचा त्यात संबंध नव्हता. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात जज नऊ, त्यामुळे वाढदिवसही नऊ, आणि प्रत्येक वाढदिवसाला एक शिरा. सकाळी दारावर टकटक झाली आणि बाहेर वाटी घेऊन काका उभे दिसले, की मी विचारायची, "आज कोण?"

"आज आपले बो टायवाले. चौऱ्याऐंशी पूर्ण. बघ, बेदाणे घातलेत."

बेदाण्यांना महत्त्व होतं. ज्या जजचे निकाल काकांना पटत, त्याच्या शिऱ्यात काजू-बेदाणे असत. ज्याचे पटत नसत, त्याचा शिरा नुसता. "साखर कमी केलेली नाही हं," ते बजावत. "आपला कुणाचा द्वेष नाही. फक्त बेदाणे नाहीत."

आम्ही तेव्हा न्यू जर्सीत आयसेलिनला राहत होतो. मी, माझा नवरा नितीन आणि भिंतीला भिंत लागून पोतनीस काका. वय बहात्तर. मूळचे नागपूरचे, चाळीस वर्षांपूर्वी इथे आले, आणि सगळी नोकरी पुलांची तपासणी करण्यात गेली. नितीननं कधी त्यांना गाडीतून कुठे नेलं, तर पूल आला की ते बोलता बोलता थांबत, खिडकीतून खाली बघत आणि पलीकडे पोचल्यावर म्हणत, "आहे अजून पंधरा वर्षं." काकू जाऊन तीन वर्षं झाली होती. रेवती नावाची एकुलती एक मुलगी बॉस्टनच्या बाजूला कुठेतरी असते, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. तिचा विषय काढला की काका लगेच विचारायचे, "चहा टाकू का?"

हे कोर्टाचं वेडही काही जुनं नव्हतं. आम्ही राहायला आलो तेव्हा काकांना कोर्टाशी काही देणंघेणं नव्हतं. मग कधीतरी, बहुधा दोन हजार तीन सालात, ते लायब्ररीतून कायद्याची जाड जाड पुस्तकं आणायला लागले. रिटायर झालेल्या माणसाला काहीतरी नाद लागतोच. कुणी टोमॅटो लावतं, कुणी बागेश्री शिकतं. आम्ही म्हटलं, चला, काकांना जज लागले.

पण दोन हजार चारची निवडणूक जवळ आली आणि हा नाद घराबाहेर पडला.

आमच्या घरी दर शनिवारी कुणी ना कुणी जेवायला असायचं. पोरं सॉफ्टवेअरमधली, गप्पा पेट्रोलच्या, युद्धाच्या, ग्रीन कार्डच्या. ज्यांना मताचा हक्क होता ते कुणाला द्यायचं यावर वाद घालायचे, ज्यांना नव्हतं ते त्याहून जोरात घालायचे. एकदा राहुल म्हणून नितीनचा मित्र म्हणाला, "काका, यार, मी सिंपल आहे. माझा टॅक्स कोण कमी करतो ते बघतो आणि व्होट करतो."

काकांनी हातातली पोळी खाली ठेवली.

"टॅक्स म्हणजे डांबर. दर उन्हाळ्यात नवं घालतात, दर थंडीत उखडतं. त्यावर मत नाही द्यायचं. पुलाचे खांब कोण उभे करणार ते विचार."

"म्हणजे?"

"म्हणजे जज कोण नेमणार? प्रेसिडेंट चार वर्षं. फार तर आठ. पण त्यानं नेमलेला जज तीस वर्षं बसतो. तुझी पोरगी किती वर्षांची?"

"दोन."

"ती लग्नाची होईल, तेव्हाही तो तिथेच असेल. तिच्या आयुष्यातल्या गोष्टी तो ठरवणार. आणि तू टॅक्स बघतोस?"

राहुलनं निमूटपणे भात घेतला.

"जज कोण नेमणार?" हे त्या वर्षी आमच्या गल्लीचं पालुपद झालं. नितीननं नवी गाडी घ्यायची काढली, तर काका म्हणाले, "घे. पण जज कोण नेमणार?" इंडियन ग्रोसरीत भेंडी निवडणाऱ्या अनोळखी माणसालाही ते विचारत, आणि तो सिटिझन निघाला तर कोटाच्या खिशातून मतदार नोंदणीचा फॉर्म काढून देत. मी सिटिझनशिपची शपथ घेऊन बाहेर आले तेव्हा काका फुलं घेऊन उभे होते. फुलांतही फॉर्म होता.

त्यांना तोडीस तोड भेटायचे ते डॉक्टर हर्डीकर. काकांचे तीस वर्षांचे मित्र, हार्टचे डॉक्टर, आता रिटायर. गंमत म्हणजे डॉक्टरही जज बघूनच मत देणारे. पण त्यांना नेमके दुसऱ्या बाजूचे जज हवे होते.

"माझ्यावर तीन वेळा केस झाली, पोतनीस! तिन्ही खोट्या! वकिलांना आवरणारे जज पाहिजेत. कायद्यात लिहिलंय तेवढं वाचणारे. पदरचं घालणारे नकोत."

"घटना म्हणजे प्रिस्क्रिप्शन आहे का, लिहिलंय तेवढंच द्यायला?"

"मग काय, तुझ्या पुलाचं ड्रॉइंग कॉन्ट्रॅक्टर मनाला येईल तसं वाचतो का?"

पुलाची उपमा स्वतःवर उलटली की काका पत्ते काढत. मग दोघं रमीला बसत आणि एकमेकांच्या जजांची वयं मोजत. कोण थकलाय, कुणाचं ऑपरेशन झालंय, कोण या चार वर्षांत जागा सोडेल. डॉक्टर तब्येतीचा अंदाज सांगत, आणि काका वहीत लिहून घेत. पण कुणाच्या मरणावर टपायचं नाही, असा दोघांचा करार होता. "रिटायरमेंट चिंतावी," काका म्हणत. "तेवढं माणुसकीत बसतं."

एकदा मी सरळच विचारलं, "काका, डॉक्टरांचं समजलं. त्यांच्यावर केसेस झाल्या. पण तुम्हाला कोर्टाकडून नेमकं काय हवंय?"

त्यांनी वही मिटली. "चहा टाकू का?"

निवडणुकीच्या दिवशी आम्ही तिघं बरोबरच गेलो. शाळेच्या जिममध्ये मतदान होतं. रांगेत काकांनी पुढच्या बाईला वयांची यादी सांगितली, मागच्या माणसाला सांगितली, आणि मतदार यादी तपासणाऱ्या आजीबाईंना सांगायला लागले, तेव्हा त्या गोड हसून म्हणाल्या, "नेक्स्ट, प्लीज." मी माझं पहिलं मत दिलं. बाहेर आल्यावर मला वाटलं, आता विचारतील, कुणाला दिलंस. जगाला छळणाऱ्या या माणसानं मला ते कधीच विचारलं नाही. नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला.

काकांचा माणूस हरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले, तर काका पायरीवर बसलेले. पायांत सपाता, अंगात काकूंनी विणलेला स्वेटर. मला वाटलं, चिडले असतील. पण ते चिडलेले नव्हते. पाहुणे निघून गेल्यावर रिकाम्या घरात बसतात तसे बसले होते.

"दोन जागा तरी रिकाम्या होणार या चार वर्षांत," ते म्हणाले. "नवीन येतील ते पन्नाशीचे. पंचवीस वर्षं धर. मी बहात्तर."

"काका, एवढं मनाला लावून घेऊ नका. देश चालेल."

"देशाचं नाही गं."

मी ऑफिसची बॅग खाली ठेवली आणि शेजारी बसले.

"रेवतीनं मे महिन्यात लग्न केलं," काका म्हणाले. "केट म्हणून आहे. शाळेत शिकवते. मुलगी."

मी त्यांच्याकडे वळून बसले.

"तिची आई असतानाच तिनं आईला सांगितलेलं होतं. मला गेल्या वर्षी सांगितलं. मॅसॅच्युसेट्सच्या कोर्टात केस चालली होती. मी म्हणालो, कायद्यात बसत नाही ते लग्न कसलं? नोव्हेंबरात निकाल लागला, बसतं म्हणून. चार विरुद्ध तीन. वैशाली, एका मताचं लग्न आहे ते! एका जजला त्या दिवशी वेगळं वाटलं असतं, तर संपलं. मग मी म्हणालो, उद्या वरचं कोर्ट रद्द करेल. तेव्हा तू काय करशील? आधी ते पक्कं होऊ दे, मग लग्न कर."

"मग?"

"ती म्हणाली, बाबा, कोर्टाचं मी बघते. तुम्ही येताय का?"

समोरच्या घराचा माणूस पानं गोळा करत होता. त्याचं यंत्र थांबल्यावर काका पुढे सांगू लागले.

"गेलो नाही. तिच्या आईचा फोटो मांडला होता म्हणे खुर्चीवर. शेजारची खुर्ची रिकामी. पत्र लिहायला बसलो की मला लिहिता येत नाही. म्हटलं, निदान जज तरी बरे येऊ देत. कुणी तिचं लग्न मोडू नये. कागदावर तरी राहावं. माझ्या हातात तेवढंच होतं. मत माझं एक, म्हणून जमतील तेवढी गोळा केली."

काकांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही ते रडले नाहीत. नाक मात्र खूप वेळ पुसत होते.

"काका," मी म्हटलं, "जज काय ठरवतील ते ठरवतील. तुमची खुर्ची रिकामी राहिली, ती काही कोर्टानं ठेवली नव्हती."

बोलून गेले आणि जीभ चावली. वडिलांच्या वयाचा माणूस. पण काकांनी रुमाल खिशात ठेवला आणि विचारलं, "तुला शनिवारी वेळ आहे का?"

शनिवारी आम्ही ओक ट्री रोडवर साड्यांच्या दुकानात गेलो. दिवाळी तोंडावर आलेली, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. काकांना साडीतलं काही कळत नव्हतं. ते प्रत्येक साडीचा पदर उजेडात धरून वीण तपासत होते. दुकानवाली गुजराती बाई मोठी बोलकी. तिनं लाल शालू उलगडला आणि विचारलं, "किसकी शादी है, अंकल?"

"हमारे बेटी की," काका म्हणाले. "मतलब, हो गयी. हमको जाने में जरा देर हो गयी."

"कोई बात नहीं, मुबारक हो. और ये दूसरी, हरी वाली? दामाद की माँ के लिए?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. दुकानात पाच-सहा ओळखीचे चेहरे होते. हो म्हणून मोकळं होता आलं असतं. मीच ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं होतं.

"नहीं," काका जरा मोठ्यानंच म्हणाले. "दामाद नहीं है. दुल्हन दो हैं. एक मेरी रेवती, एक केट. दोनों को देना है."

शेजारी साड्या बघणाऱ्या एका काकूंचा हात थांबला. बाईनं एकदा काकांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग तिनं ती हिरवी साडी उचलून बाजूला ठेवली.

काकांचा चेहरा उतरला.

"ये नहीं चलेगी, अंकल," बाई शिडी ओढत म्हणाली. "लाल के सामने ये हल्की पड़ेगी. दूसरी को बुरा लगेगा. रुको, बराबर की दिखाती हूँ."

काका जवळच्या स्टुलावर बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"दाखवा," ते मराठीतच म्हणाले. "दाखवा, दाखवा. आम्हाला काही घाई नाही."