बाजारातलं टॉयलेट आणि मोघेकाका

मोघेकाका फक्त रस्ता ओलांडताना म्हातारे होतात. एरवी त्यांच्या शेजारून चालताना मला धाप लागते. पण मार्केट स्क्वेअरसमोरच्या सिग्नलवर हिरवा माणूस पेटला की त्यांचे खांदे पडतात, गुडघे वाकतात आणि ते पाय ओढत निघतात. निम्म्या रस्त्यात हिरवा माणूस विझतो. काका तिथेच थांबून खांबाकडे नाराजीनं बघत राहतात. इथले लोक सहसा हॉर्न वाजवत नाहीत. काकांसाठी वाजवतात.

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी हात द्यायला धावले. पलीकडच्या फुटपाथवर पोचल्याबरोबर ते ताठ झाले.

"मला काही झालेलं नाही. तपासत होतो. हा सिग्नल कुणाच्या सोयीनं लावलाय? तुझ्या. तू पळू शकतेस."

"कुणाच्या सोयीनं?" हे काकांचं पालुपद. तरुणपणी सांगलीहून आले, इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर सगळ्या गावाचीच तपासणी सुरू केली. आमचं गाव नॉटिंगहॅमपासून अर्ध्या तासावर. मी नागपूरची, आयटीमधली. त्यांच्या शेजारच्या घरात राहायला आले आणि आपोआप त्यांची ड्रायव्हर झाले. बसस्टॉपवरचं बाक काढलं, कुणाच्या सोयीनं? डॉक्टरची अपॉइंटमेंट फक्त अ‍ॅपवर मिळायला लागली, कुणाच्या सोयीनं? एका गणपतीला त्यांनी जेवणाची रांग मधेच थांबवली आणि ज्यांना उभं राहवत नाही त्यांचा नंबर शेवटी का, असं विचारलं. मंडळानं वैतागून वाढायचं काम त्यांच्यावरच टाकलं. काका प्रत्येकाला गुडघे आणि शुगर विचारून मगच ताट देत होते. त्या वर्षी मोदक गार झाले, पण वाटप न्यायाचं झालं.

मग बाजारातलं टॉयलेट बंद झालं. आधी दारावर 'तात्पुरतं बंद' अशी पाटी लागली. एक हिवाळा गेला, उन्हाळाही गेला, पाटी तिथेच. कौन्सिलचं म्हणणं, वापर कमी आणि खर्च जास्त. त्याऐवजी आजूबाजूच्या कॅफेंच्या काचेवर एकेक स्टिकर लागला: या कॅफेतलं टॉयलेट कुणीही वापरावं.

काकांनी तेही तपासलं. मला बरोबर घेऊन ते कॅफेमागून कॅफे हिंडले. पहिल्या ठिकाणी काउंटरवरच्या मुलीनं किल्ली दिली, पण असं बघितलं की काकांनी ओशाळून कॉफी घेतली. दुसऱ्या ठिकाणी रांग होती. तिसऱ्या ठिकाणी टॉयलेट जिन्याखाली, तळघरात. तिथेही कॉफी.

"बघ," बाहेर आल्यावर ते म्हणाले, "जायचं असेल तर कॉफी प्यायची आणि कॉफी प्यायली की परत जायचं. ही योजना ज्यानं काढली तो बाजारात गाडीनं येतो आणि लगेच घरी जातो."

मी हसले. काका हसले नाहीत.

टॉयलेट कायमचं बंद करायचा ठराव आला त्या संध्याकाळी मी त्यांना कौन्सिलच्या मीटिंगला घेऊन गेले. ते टाय लावून आले होते. बोलायची पाळी आली तेव्हा ते उठून बोलले, एरवीपेक्षा हळू.

"टॉयलेट बंद केलंत म्हणून कुणी आंदोलन करणार नाही. ज्यांची अडचण होते त्यांना ती चारचौघांत सांगायची लाज वाटते. ते फक्त यायचे बंद होतात. तुम्ही म्हणता वापर कमी झाला. वापर नाही, माणसं कमी झाली."

चेअरवुमन मऊ आवाजात म्हणाल्या, "मिस्टर मोघे, तुम्हाला स्वतःला किंवा घरात कुणाला याचा त्रास झालाय का? तसं उदाहरण असेल तर आम्हाला मदत होईल."

काका टायची गाठ उगाच सारखी करत राहिले.

"नो," ते म्हणाले. "मी जनरल बोलतोय."

हात वर झाले. ठराव पास झाला. त्या हातांमधला एकही माणूस वाईट नव्हता. एक बाई तर काकांकडे बघून कसनुसं हसल्या.

घरी काकूंनी चहा टाकला होता. काका कपडे बदलायला वर गेले तशा त्या हळूच म्हणाल्या, "नाहीच ना झालं?"

मी मान हलवली.

"हे सांगणार नाहीत तुला. मी सांगते. ते बंद झाल्यावर मी एकदाच बाजारात गेले होते. तुला माहितीय, मला शुगर आहे. कॅफेत रांग होती. पुढच्या बाईला म्हणायला हवं होतं, मला आधी जाऊ द्या. इंग्लिशमध्ये जुळवेपर्यंत..." त्यांनी ओट्यावरचं फडकं उचलून पुन्हा घडी घातली. "बसमधून तशीच आले. उभ्यानं. घरी ह्यांनी काही विचारलं नाही. माझा कोट धुतला, वाळत घातला. एवढंच म्हणाले, तुझं नाव कुठे येणार नाही."

मला काकांचं ते "नो" ऐकू आलं.

"तेव्हापासून नाही गेले मी," काकू म्हणाल्या. "ह्यांना बाजार कधी आवडायचा नाही. आता दर गुरुवारी जातात."

जिन्यावर पावलं वाजली. काका खाली आले, खुर्चीत बसले, चहाचा कप हातात धरला. मीटिंगचं कुणी काढलं नाही.

"सकाळचं बाजारातलं सांगायचंच राहिलं," ते काकूंना म्हणाले. "मार्गारेट विचारत होती तुला. कुठे आहात म्हणाली, खूप दिवसांत दिसला नाहीत."

मार्गारेटचा लोकरीचा स्टॉल मला ठाऊक होता. गिऱ्हाइकं येईनाशी झाली तसा तिनं तो गेल्या उन्हाळ्यातच गुंडाळला. आता तिथे पार्किंगचं मशीन उभं आहे. मी कपात बघत राहिले.

"हो का?" काकू म्हणाल्या. "तिला म्हणावं, थंडी जरा कमी झाली की येते."

"सांगतो," काका म्हणाले, आणि तिच्याकडे निळ्या रंगात नवीन लोकर काय छान आलीय, ते सांगू लागले.